परड्यातलं तळं

"आमच्या घरी मासे आहेत," असं कधी बोलून गेले की बस्तीत शेजारी बसलेल्या बायका दचकतात. मग मी घाईघाईनं म्हणते, "पाळलेले हो, तळ्यातले!" त्या हुश्श करतात आणि विषय पुन्हा चकलीच्या भाजणीवर जातो. पाळलेले म्हटलं की प्रश्न मिटला असं त्यांना वाटतं. माझे प्रश्न मात्र तिथूनच सुरू झाले.

आमचं घर बेळगावात, शहापुरात. पुढं गल्ली, मागं लांबट परडं. परड्यात विहीर, तिच्या शेजारी दगडी हौद, सहा-सात केळी, कर्दळ, अबोली आणि एक म्हातारा चिकू. १९९१ साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नळ केव्हाच आलेला होता. पण सासूबाई पिण्याचं पाणी विहिरीचंच ओढायच्या. घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणत. जाड कापडाची दुहेरी घडी घागरीच्या तोंडावर धरायची, पाणी गाळायचं, मग कापड उलटं करून त्याच्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, पुन्हा विहिरीत सोडायची. वरून धबकन टाकायची नाही. त्यासाठी एक लहानशी पितळी बादली होती, तिच्या तळालाही कडी. बादली पाण्याला टेकली की दोरी अशी हलवायची की ती अलगद आडवी होते आणि जीव आपल्या पाण्यात परत जातात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. मला ते सगळं फार सुंदर वाटायचं आणि थोडं वेळखाऊही. बादली आडवी करायला शिकायला मला महिना लागला.

२०१६ च्या पावसाळ्यात शेजारच्या घरातली शाळकरी मुलगी डेंगीनं आजारी पडली. आठ दिवस दवाखान्यात होती. प्लेटलेट किती, हे सकाळ-संध्याकाळ सगळी गल्ली विचारत होती. ती बरी झाली. पण तिसऱ्या दिवशी आशाताई बॅटरी घेऊन घरोघर पाणी तपासत आल्या आणि आमच्या हौदात त्यांनी प्रकाश टाकला. स्वच्छ, नितळ पाणी. त्यात शेकडो अळ्या वळवळत वर-खाली करत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाण पाण्यात डास होतात एवढंच मला ठाऊक. डेंगीचा डास असल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या हौदातून कदाचित शेजारच्या पोरीला ताप गेला होता. कदाचितच. पण तो 'कदाचित' आजही मला टोचतो.

आशाताईंनी पिशवीतून बरणी काढली. "अक्का, गप्पी मासे आहेत. फुकट. धा-बारा सोडून द्या, अळ्या खाऊन टाकतात."

अव्वा दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नको बाई."

आशाताई गेल्यावर घरात जे झालं त्याला भांडण म्हणणार नाही, कारण अव्वा आवाज चढवत नसत. मी म्हटलं, पोरीचा जीव की डासांचा? त्या म्हणाल्या, हौद रिकामा करू. पण हौदातलं पाणी फरशीवर ओतून दिलं तर अळ्या उन्हात तडफडून मरणार. म्हणून सगळा हौद, बादली बादलीनं, कापडातून गाळायचा आणि जिवाणी विहिरीत सोडायची. दोन दिवस आम्ही दोघी तेच करत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंबर मोडून आल्यावर मी बोलले, "अव्वा, विहिरीत मासे आहेत. तुम्ही सोडलेलं सगळं ते खातातच की."

त्या बादली आडवी करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी सोडतो. मी खायला घालत नाही." आमच्याकडं बायकाही 'मी सोडतो' असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी चूक समजू नये.

मला तेव्हा ते उत्तर पळवाट वाटलं होतं.

हौद घासून कोरडा केला. घासावा लागतोच, कारण या डासाची अंडी भिंतीला चिकटून सुकी राहतात आणि कित्येक महिन्यांनी पाणी मिळालं तरी फुटतात. विहिरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. हौदाचा विषय संपला. अव्वा मात्र दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मासे आले ते दोन वर्षांनी, आणि मी आणले नाहीत. आमच्या लेकाला बेंगळुरात नोकरी लागली. जाताना तो कॉलेजच्या हौसेनं घेतलेली काचेची पेटी आणि तिच्यातले चार गोल्डफिश माझ्या गळ्यात टाकून गेला. "आई, फक्त चिमूटभर खाणं टाकायचं." पेटी केवढी, तर दोन डब्यांएवढी. ते चौघे दिवसभर काचेला नाक लावून इकडून तिकडं फिरायचे. स्वयंपाक करताना माझं लक्ष सारखं तिकडं जाई. लहानपणी पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घोकून घेतले होते. जिवाला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, अन्नपाणी तोडणं. मारणं दुसरं येतं. पहिलं येतं ते 'बंध'. आणि तो आता माझ्या ओट्याशेजारी काचेत फिरत होता.

सोडायचे तर कुठं? हे परदेशी जातीचे मासे. तलावात सोडले तर एक तर तेच मरणार, नाहीतर वाढून तिथल्या माशांच्या तोंडचं काढणार. मग बंध सैल करणं एवढंच हातात उरलं. परड्यात तळं बांधायचं ठरलं. ह्यांनी हिशेब विचारला, अव्वांनी मुहूर्त. अव्वांचं म्हणणं, खणायचं तर अक्षय्य तृतीयेनंतर लगेच. पाऊस लागला की गांडुळं वर येतात, एका कुदळीत किती जातील याचा हिशेब नाही. उन्हाळ्यात ती खोल गेलेली असतात. गवंडी मामा हसले, पण मे महिन्यातच आले.

जागा विहिरीच्या पूर्वेला निवडली. तिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारी घराची सावली पडते. चिकूखाली खणू दिलं नाही, कारण पानं पडून कुजली की पाणी बिघडतं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल. म्हणजे साधारण २८०० लिटर पाणी. मामांना एक फूट पुरेसं वाटत होतं. पण उथळ पाणी दुपारी चहासारखं तापतं, मग माशांनी जायचं कुठं? कडा जमिनीपेक्षा सहा इंच वर घेतल्या, नाहीतर पहिल्या पावसात सगळी तांबडी माती आत. एका बाजूला जादा पाणी जायला पाइप, त्याच्या तोंडाला जाळी, आणि तिथून केळींकडं पाट. खाली खडी आणि काँक्रीट, बाजूंना विटा, वर सिमेंटचा गिलावा.

इथंच मी चुकले. मामा म्हणाले होते, तीन दिवस पाणी भरून ठेवा. मी तीन दिवस ठेवलं, ओतलं, नवं भरलं, आणि हौसेनं चौघांना सोडलं. सोडताना अव्वांनी णमोकार म्हटला. चौघे एकदम सुसाट गेले, पहिल्यांदाच सरळ रेषेत. मला रडू आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पालथे तरंगत होते.

नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाणी अल्कधर्मी होतं; माशांचे कल्ले जळतात. तीन दिवस म्हणजे काहीच नाही. पाणी भरायचं, चार-पाच दिवस ठेवायचं, काढून टाकायचं, घासायचं, असं निदान तीनदा तरी. आमच्याकडं जुने लोक त्यात केळीचे सोपट तुकडे करून टाकतात, तेही मी केलं. मग शाळेत असते तसली पट्टी बुडवून पीएच बघितला. हे सगळं मी आधी करायला हवं होतं. उरलेल्या दोघांना पुन्हा काचेत ठेवलं. दोघांना केळीखाली पुरलं. मी महिनाभर गोड सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण तोंडात काही गोड घेववेना.

जुलैत दोघे परत तळ्यात गेले. ह्यांनी आणखी दोन आणू का विचारलं. अव्वा म्हणाल्या, "दोनच बरे. आईच्या स्वप्नात दोनच होते." तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत माशांची जोडी येते, बस्तीच्या भिंतीवर चितारलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तेवढ्यावर विषय संपला, आणि मलाही बरंच वाटलं. विकत आणून नवा बंध कशाला?

खाण्याचा घोळ वेगळाच. लेकानं ठेवलेली डबी संपत आली म्हणून नवी मागवताना मी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं. पहिलाच घटक 'फिश मील'. म्हणजे सुक्या मासळीची पूड! कांदा-लसूण न शिवणाऱ्या स्वयंपाकघरात ती डबी तिखटाच्या डब्याशेजारी तीन महिने उभी होती. मी ती दोन बोटांनी उचलून बाहेर नेली. हे म्हणाले, "मासेच मासे खातायत, तुला काय?" त्यांच्याशी कोण वाद घालणार? पण गोल्डफिश हा कार्प माशांच्या कुळातला, सगळं खाणारा. तळ्यात रोहू-कटला पाळणारे शेंगेची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा घालतात, ते मला ठाऊक होतं. तेच मी वाफवून, वाळवून, चुरून ठेवू लागले. सोललेले उकडलेले मटार त्यांना फार आवडतात, उकडलेला पालकही. चतुर्दशीला आमच्या घरात पालेभाजी येत नाही, त्या दिवशी तेही पेंडीवर. नुसतं मांसच खाणारा मासा असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. अन्नपाणी तोडणं हाही अतिचारच.

आता मूळ गोष्टीकडं येते. त्या वर्षी पर्युषण संपलं, आणि एका दुपारी अव्वा तळ्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. मी कपडे वाळत घालत होते.

"खातायत होय गं?"

काय, ते विचारायची गरज नव्हती. तळ्यात डास अंडी घालत होते आणि सोनमासे अळ्या टिपत होते. गप्पी नाकारून मी तेच काम यांच्याकडून करून घेत होते. मला हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, फक्त बोलले नव्हते.

"होय अव्वा."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पेंड वेळेवर घाल त्यांना. पोट भरलेलं असलं की कमी खातील."

मी मान हलवली आणि विसरले. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी हिरवं होऊ लागलं. आधी वाटलं उन्हामुळं. मग कडेला फेस, मग वास. आठवडाभरात तळाचा पांढरा दगड दिसेनासा झाला. एका पहाटे बघते तर दोघे पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढतायत. पहाटेच त्रास जास्त, कारण शेवाळं रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरत असतं. मी घाबरून चौथा हिस्सा पाणी काढलं. सगळं एकदम बदललं तर मासे दुसऱ्याच कारणानं मरतात. रात्रभर पिंपात ठेवलेलं नळाचं पाणी हळूहळू घातलं. मग पाण्यात हात घालून बघितलं, तर तळाला कुजलेल्या पेंडीचा बोटभर थर.

एवढी पेंड मी घातलेली नव्हती.

दुपारी आम्ही सगळे आडवे झालो की अव्वा काठी टेकत परड्यात जायच्या आणि मूठमूठ पेंड टाकायच्या. अळ्या वाचाव्यात म्हणून. मासे खातील तेवढं खायचे, उरलेलं कुजायचं. कुजलेल्या अन्नाचा आणि विष्ठेचा अमोनिया होतो, तो माशांना विष. पाण्यात असे सूक्ष्म जीवाणू असतात की ते त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट कुमुदिनीसारखी झाडं शोषून घेतात. पण तळं नवीन असलं की ते जीवाणू पुरेसे नसतात. पाच मिनिटांत संपेल एवढंच खाणं दिवसातून एकदा, हा नियम त्यासाठी.

छ्याऐंशी वर्षांच्या बाईला हे कसं सांगायचं? तुमच्या दयेनं मासे मरतायत, असं? मी दोन दिवस तोंड उघडलं नाही, पेंडीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढायच्या बेतात दिसल्या. मग सांगावंच लागलं. मी जेवढं मऊ करता येईल तेवढं केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी खायला घालून मारत होतो," एवढंच म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवायला बसल्याच नाहीत.

मला रात्रभर झोप नाही. खरं सांगायचं तर विहिरीपाशी ऐकलेलं त्यांचं उत्तर मला त्या रात्री समजलं. सोडणं वेगळं, घालणं वेगळं. साठ वर्षं त्या फक्त सोडत आल्या होत्या. घालायला मी लावलं होतं, तळं बांधून.

सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "मृगसेन धीवराला मुनींनी जाळं टाकून दे म्हटलं नाही गं. पहिला मासा सोड म्हटलं." ही गोष्ट आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. जाळ्यात पहिल्यांदा आलेला मासा त्यानं चिंधी बांधून सोडला, तोच पाच वेळा आला, पाचही वेळा सोडला, रिकाम्या हातानं घरी गेला, आणि पुढच्या जन्मी पाच वेळा मरणातून वाचला. अव्वांनी मात्र ती फळासाठी सांगितली नव्हती. मग विचारलं, "डास येणारच नाहीत असं काही नाही काय?"

होतं. वाहत्या, हलत्या पाण्यावर डास सहसा अंडी घालत नाहीत. अठरा वॅटचा छोटा पंप आणला, तो तळातलं पाणी दगडावरून खळखळत खाली सोडतो. दिवसरात्र चालवला तरी महिन्याला तेरा युनिटं. हे वीजबिल बघून कुरकुरले. अव्वा आपल्या पेन्शनमधून द्यायला निघाल्या, तेव्हा गप्प बसले. अळ्या पुष्कळ कमी झाल्या. पूर्ण गेल्या असं म्हणणार नाही. वीज गेली की पाणी थांबतं, आणि पावसाळ्यात वीज किती जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

पंपाला स्पंजाची गाळणी असते. ती भरली की धुवायची, पण नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते उपयोगी जीवाणू मरतात. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज पिळायचा. हे अव्वांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "म्हणजे जिवाणीच की!" आणि ते काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. पाटावर बसून, पितळी बादलीत, हलक्या हातानं. गढूळ पाणी केळींना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जो पाऊस झाला, त्यात तळं एका रात्रीत भरून वाहिलं. पानांनी जाळी तुंबली आणि पाणी कडांवरून गेलं. रात्री दोन वाजता मी आणि हे छत्री घेऊन परड्यात, अव्वा दारातून बॅटरी धरून. एक मासा तळ्यातच कुमुदिनीच्या कुंडीमागं होता. दुसरा पहाटे केळीच्या पाटात सापडला, वीतभर पाण्यात, जिवंत. ह्यांनीच दोन ओंजळींत धरून आणला, वीजबिलाचा विषय न काढता.

अव्वा २०२१ मध्ये गेल्या. म्हातारपणानं, शांतपणे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एके दिवशी कुमुदिनीखाली काळपट काड्यांसारखं काही हलताना दिसलं. मला वाटलं बेडकाची पिल्लं. ती या दोघांची होती. गोल्डफिशची पिल्लं आधी मातकट असतात, सोन्याचा रंग काही महिन्यांनी चढतो. बहुतेक अंडी आईबापांनीच खाल्ली असणार. सात उरली. मी त्यांना काही जास्तीचं घातलं नाही. बघत राहिले एवढंच.

अजून दर पावसाळ्यात आशाताई येतात. आता त्यांचेही केस पिकले. बॅटरी मारून हौदात बघतात, विहिरीच्या जाळीवर बघतात, मग तळ्यावर वाकतात. पाणी खळखळत असतं, सगळे नऊ जण उजेडाकडं धावत येतात.

"अक्का, शेवटी गप्पी सोडलेच होय?"

"गप्पी नव्हेत, ताई."

"असू द्यात. रकाना एकच आहे," म्हणून त्या वहीत खूण करतात, पाणी मागतात. मी आत जाऊन गाळलेलं पाणी आणून देते.